आधी पंधरा रुपये

नंदुरबारच्या बसस्थानकाबाहेर चहा घेत पाच मिनिटं उभं राहा आणि समोरचे फलक मोजा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, नवा दवाखाना, क्लासचे निकाल आणि मधेच कुठेतरी ‘एन.ए. प्लॉट, सुलभ हप्ते, त्वरित संपर्क’. जमिनीच्या व्यवहारात नव्याने उतरलेल्या माणसाला पहिला मोह पडतो तो याच रांगेत आपलंही नाव झळकवण्याचा. आठ बाय दहाचा फ्लेक्स, कोपऱ्यात हसरा फोटो, खाली दोन मोबाइल नंबर. गाठीला बांधलेल्या दहा-पंधरा हजारांतले निम्मे त्यातच जातात. महिनाभर फोन येतात, बहुतेक ‘भाव काय?’ एवढंच विचारतात, आणि मग फ्लेक्स उन्हाने पांढरा पडतो.

ज्या जमिनीसाठी हा खर्च झाला तिचा सातबारा त्याने काढलेला असतो का? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. या जिल्ह्यात जाहिरातीच्या खर्चाची सुरुवात त्या पंधरा रुपयांपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण एखादी जमीन कोणाला विकता येईल हे इथे बऱ्याच वेळा कायद्याने आधीच ठरलेलं असतं. विकत घेऊ न शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचलेली जाहिरात कितीही देखणी असली, तरी तिचा रुपया वायाच गेला.

हे नीट उलगडून सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या एजंटांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा येतच नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि त्यातले जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. भाडेपट्टा किंवा गहाण पाच वर्षांपर्यंतचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्री करायची तर त्या मंजुरीआधी राज्य शासनाचीही मान्यता लागते. ही तरतूद १९७४ सालची आहे. ती आली, कारण त्याआधी सावकारी कर्जापोटी आणि एका अंगठ्यावर कितीतरी कुटुंबांच्या जमिनी गेल्या होत्या. या धंद्यात उतरणाऱ्याने हा इतिहास मनात ठेवावाच. ‘परवानगीचं बघून घेऊ’ म्हणून अशा जमिनीची जाहिरात करणारा माणूस पैसे तर घालवतोच, शिवाय ज्या अन्यायासाठी कायदा झाला त्याच वाटेवर पुन्हा पाय ठेवतो.

सातबाऱ्यावर आणखीही बरंच वाचायला मिळतं. भोगवटादार वर्ग २ किंवा नवीन शर्त अशी नोंद दिसली, की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न आला. प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवर शर्ती असतात. सातपुड्यात वनहक्काचे दावे मान्य होऊन जमिनी मिळाल्या आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने त्या वारसाला जातात, पण विकता येत नाहीत. साधी शेतजमीन घ्यायची तर १९४८च्या कूळकायद्यातील कलम ६३ प्रमाणे घेणाराही शेतकरी असावा लागतो. त्यात तुकडेबंदीचा कायदा आहे. म्हणून ‘पाच गुंठे शेतजमीन विकणे’ अशी जाहिरात दिसली, की जाणकार माणूस आधी कपाळाला आठ्या घालतो.

तेव्हा जाहिरातीचा मजकूर लिहिण्याआधी एका कागदावर एकच प्रश्न लिहावा: ही मालमत्ता कोण घेऊ शकतो? बिगरशेती झालेला, मंजूर ले-आऊटमधला प्लॉट असेल तर वर्तुळ मोठं. भोगवटादार वर्ग १ची बागायत शेती असेल तर वर्तुळ शेतकऱ्यांपुरतं. आदिवासी मालकाची जमीन असेल तर घेणाराही आदिवासी असेल हे धरूनच चालायचं, आणि त्या व्यवहारालाही कोणती मंजुरी लागते ते तहसील कार्यालयात विचारून घ्यायचं. हे वर्तुळ जेवढं नेमकं आखाल तेवढा खर्च खाली येतो. शेतकऱ्यांनाच विकता येणाऱ्या जमिनीसाठी बसस्थानकासमोरचा फ्लेक्स कशाला? त्यापेक्षा शहाद्याच्या ऊस-केळी-पपईच्या पट्ट्यात, खत-बियाण्यांच्या दुकानदाराकडे आणि ठिबकवाल्याकडे ठेवलेली पन्नास कार्डं जास्त काम करतात. हंगामात कोणाच्या हाती पैसा आला आणि कोण बांधालगतचं शेत शोधतो आहे, हे त्या दोघांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आता रेरा. २०१६चा स्थावर संपदा कायदा मोठ्या शहरांतल्या टॉवरसाठी आहे, आपल्याकडच्या प्लॉटला तो लागू होत नाही, असा समज इकडे अजून आहे. तो चुकीचा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांचा ले-आऊटही या मर्यादेपलीकडे जातो. अशा प्रकल्पातली विक्री करून देणाऱ्या एजंटाचीही वेगळी नोंदणी लागते. वैयक्तिक नोंदणीचं शुल्क १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. नोंदणीशिवाय काम केलं तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. जुनं घर विकून देणं, घर भाड्याने लावून देणं किंवा शेतीचा व्यवहार यांना ही नोंदणी लागत नाही.

हे दहा हजार खर्च म्हणून डोळ्यांत खुपतात. पण याला मी जाहिरातीचाच खर्च धरतो, आणि तोही सगळ्यांत टिकाऊ. फ्लेक्स महिनाभर राहतो, हा क्रमांक पाच वर्षं राहतो. गावात जमिनीचा दलाल म्हटलं की माणसं जरा सावरून बसतात. त्यांच्यापुढे सरकारी संकेतस्थळावर स्वतःचं नाव उघडून दाखवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि एजंटाचा ‘ए’ने, एवढं ग्राहकाला समजावून सांगितलं तरी तो पुढच्या वेळी दुसऱ्या कोणालाही तेच विचारतो, आणि दुसऱ्याकडे ते नसेल तर तुमच्याकडे परत येतो.

जाहिरातीबद्दलचे नियम छपाईआधी वाचावेत, नंतर नाही. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता हवाच. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. तो नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे व्हॉट्सॲपवर फिरवायच्या चित्रालाही लागू आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे दिले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाईचा प्रश्न येतो. म्हणून ‘दोन वर्षांत दुप्पट’ किंवा ‘लवकरच चौपदरी रस्ता’ अशी वाक्यं वापरू नयेत. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यापासून प्लॉट किती मीटरवर आहे ते मोजून लिहावं, तेवढं पुरतं.

इथे पैशाचा एक हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतो. समजा, बारा लाखांचा प्लॉट विकला गेला आणि दोन्हीकडून एकेक टक्का दलाली ठरली. चोवीस हजार झाले. पण आपल्याकडे व्यवहारात एकटा एजंट क्वचित असतो. गावातला ओळख करून देणारा एक, मालकाच्या बाजूचा एक, कधी तिसराही. वाटे पडून हातात आठ हजार येतात, आणि तेही खरेदीखत होईल तेव्हा. इसार झाल्यापासून खरेदीखतापर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, बँकेचं कर्ज असेल तर जास्तच. जाहिरातीचा खर्च ताडून पाहायचा तो या आठ हजारांशी. चोवीस हजारांशी नाही, आणि बारा लाखांशी तर मुळीच नाही. आठ हजारांच्या एका व्यवहारामागे जाहिरातीवर दोन हजारांहून जास्त घालू नये, असं माझं मत. पेट्रोल वेगळं, आणि धुळे-नंदुरबार पट्ट्यात पेट्रोलच जास्त जळतं.

आणखी एक. प्रकल्प दुसऱ्याचा असेल तर त्याच्या जाहिरातीचा खर्च त्यानेच करावा. नवा एजंट उत्साहात विकासकाच्या ले-आऊटचे फ्लेक्स स्वतःच्या पैशाने लावतो आणि प्लॉट मात्र विकासकाच्या ऑफिसातून थेट विकले जातात. असं व्हायला नको असेल तर आधी लेखी बोलणी करा, मग खर्च.

कोणत्या माध्यमाने काम केलं हे कसं ओळखायचं? अमेरिकेतला जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा आग्रह असा, की प्रत्येक जाहिरातीतल्या कुपनावर खूण असावी, म्हणजे परत आलेलं कुपन कोणत्या वर्तमानपत्रातून कापलंय ते कळेल. जी जाहिरात पैसे वसूल करत नाही ती बंद करावी. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आज दोन सिमकार्डांत बसते. फलकावर एक नंबर, फेसबुकवर दुसरा. पेपरात टाकलेल्या पत्रकावर ‘फोन करताना हे पत्रक सोबत ठेवा’ एवढी ओळ. आणि प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न: ‘दादा, आमचं नाव कुठून कळलं?’ उत्तर त्याच क्षणी वहीत. रात्री आठवून लिहिलेली वही कामाची नाही.

पुन्हा एक कल्पित महिना घेऊ. फ्लेक्सवर सहा हजार गेले, एकतीस फोन आले, प्लॉट बघायला तिघे आले. फेसबुकवर तीन हजार, अठ्ठावन्न मेसेज, आले चौघे. पेपरातल्या पत्रकांवर अडीच हजार, सहा फोन, दोघे आले. आणि ले-आऊटच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी पाटीवर दीड हजार, नऊ फोन, आले सातजण. फोन मोजले तर फेसबुक जिंकलं. पण जागेवर आलेली माणसं मोजली तर फ्लेक्सवर माणशी दोन हजार पडले, पत्रकांवर साडेबाराशे, फेसबुकवर साडेसातशे, आणि पाटीवर सव्वादोनशेच्याही आत. वहीत रकाना धरायचा तो जागेवर आलेल्या माणसांचा. त्या रस्त्याने रोज जाणारा-येणारा माणूस ती पाटी वाचतो, परिसर त्याच्या ओळखीचा असतो, आणि फोन करतो तेव्हा त्याने निम्मा विचार आधीच केलेला असतो. शिवाय पाटी पुढच्या महिन्यातही उभी असते, नवा खर्च न करता.

फ्लेक्सबद्दल जाता जाता एवढंच: नगरपालिकेची परवानगी आणि मुदत याशिवाय तो लावू नये. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार कडक आदेश दिले आहेत, आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेल्यावर तर डोळेझाक करायला जागाच उरली नाही. परवानगी नसलेला फ्लेक्स सकाळी लागतो आणि दुपारी उतरतो. सहा हजारांची जाहिरात सहा तासांची होते.

फेसबुकच्या जाहिरातीत नकाशावर वर्तुळ काढून तेवढ्याच भागात ती दाखवायची सोय आहे. हे वर्तुळ आपल्या जिल्ह्यात फार जपून काढावं लागतं. नवापूरचं रेल्वेस्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवापूरभोवती पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं की उच्छल-सोनगडचा भाग त्यात येतो. तिथल्या माणसांना तुमची मराठी जाहिरात दिसते, ती उगाच बोट लावतात, आणि पैसे तुमचे कापले जातात. नवापुरातल्या घरभाड्याच्या जाहिरातीला याचा काही उपयोग नाही.

याच नकाशाचा सदुपयोगही आहे, आणि माझ्या मते नवा एजंट सगळ्यांत जास्त दुर्लक्ष करतो ते याकडेच. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने ती नंदुरबारशी बांधलेली आहेत. कापडाच्या धंद्यात, कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसाला गावाकडे दोन खोल्यांपुरती जागा हवी असते. त्याची अडचण एकच: सुरतेत बसून विश्वास कोणावर ठेवायचा? दोन हजार रुपये नंदुरबारभर पसरण्यापेक्षा उधना-लिंबायतवर आठ-दहा दिवस लावावेत, तेही दिवाळीच्या किंवा आखाजीच्या दोन आठवडे आधी, गावी येण्याची तिकिटं काढली जातात तेव्हा. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. तिची थोरवी मुहूर्तापुरती नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं. सगळं घर एकत्र बसलेलं असतं, आणि जमिनीचा निर्णय घर एकत्र बसल्याशिवाय होत नाही. पितृपक्षात मात्र एक रुपयाही जाहिरातीवर घालू नये.

जाहिरातीची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. छापील मराठीत ‘निसर्गरम्य परिसरात आपल्या स्वप्नातील घर’ लिहिण्यापेक्षा एक मिनिटाचा आवाजी संदेश अहिराणीत करावा. ‘आहे’ऐवजी ‘शे’ कानावर पडलं की सुरतेतला माणूस फोन कानाजवळ धरतो. नंदुरबार-तळोद्याच्या कार्यालयांत, शाळांत, दवाखान्यांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजातले शिक्षक, परिचारिका, पोलीस मोठ्या संख्येने आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी घर घेणारा हा महत्त्वाचा ग्राहक, पण त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोलत नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून संदेश रेकॉर्ड करून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. त्या संदेशात प्लॉटचा भाव, दलाली किती आणि कागद कोणते तपासलेत हे तिन्ही यायला हवं. भाव लपवून फोन वाढतात, व्यवहार वाढत नाहीत.

गर्दी दिसली की जाहिरात लावावीशी वाटते. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घ्या. घोडेबाजारासाठी दूरदूरची माणसं तापीकाठी येतात. तिथे प्लॉटचा स्टॉल टाकायचा मोह होईल; टाकू नये. आलेला माणूस घोडा पाहायला आलाय, आणि त्यातले बरेच जिल्ह्याबाहेरचे. पण शहादा तालुक्यातला शेतकरीही त्या यात्रेला असतोच. त्याच्याबरोबर राहुटीत बसून चहा घ्यायला खर्च दहा रुपये.

हातात भांडवल फारच कमी असेल तर सुरुवात भाड्याच्या घरांपासून करावी. जिल्हा झाल्यापासून नंदुरबारला जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि बाकीची कार्यालयं आली, त्यांच्याबरोबर बदल्याही आल्या. दर मे-जूनमध्ये नवी कुटुंबं घर शोधत येतात. इथे जाहिरातीला जवळजवळ पैसाच लागत नाही. गुगलच्या नकाशावर आपल्या कार्यालयाची मोफत नोंद, व्हॉट्सॲप बिझनेसवर रिकाम्या घरांचे खरे फोटो, आणि घर लागलं की तो फोटो त्याच दिवशी काढून टाकणं. भाड्याने आलेला शिक्षक तीन-चार वर्षांनी पतपेढीचं कर्ज काढून प्लॉट शोधतो, तेव्हा भाडेकरार नीट नोंदवून देणारा माणूस त्याला आठवतो.

वर्तमानपत्राचा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. खरेदीआधी वकिलामार्फत जी ‘जाहीर नोटीस’ येते, ‘या मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास अमुक दिवसांत कळवावे’ अशी, तीही एक जाहिरातच आहे. तिच्यावर तुमचं नाव नसतं. पण त्या नोटिशीचं कात्रण, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, ताजा सातबारा, फेरफार आणि बिगरशेतीचा आदेश एका साध्या फाइलीत लावून ग्राहकापुढे ठेवले, की चकचकीत माहितीपत्रकाची गरज उरत नाही. ती फाइल घरी न्यायला द्यावी. तो ती आपल्या मेहुण्याला, शाळेतल्या सहकाऱ्याला, गावातल्या एखाद्या निवृत्त तलाठी आप्पांना दाखवणारच. झेरॉक्सचे तीस-चाळीस रुपये आणि ती पाच जणांच्या हातातून फिरते.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर जमिनीचे व्यवहार मंदावतात, काळ्या मातीत गाडी रुतते, प्लॉट दाखवायला न्यावं तर गुडघाभर चिखल. नवा एजंट या दिवसांत घाबरून जास्त जाहिरात करतो. खरं तर हे पैसे राखून ठेवायचे दिवस आहेत, आणि एक काम करण्याचेही. नंदुरबारला प्लॉट बघायला आलेला प्रत्येक माणूस, मग तो दिवाळीत येवो की उन्हाळ्यात, एक प्रश्न विचारतोच: ‘भाऊ, इथे पावसाळ्यात पाणी साचतं का?’ बाकीचे सगळे ‘नाही हो’ म्हणतात. तुम्ही जुलैत, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, छत्री घेऊन जा. मुख्य रस्त्यापासून चालायला लागा आणि मोबाइल सुरू ठेवा. गट नंबर, तारीख, वेळ तोंडाने सांगा. कोपऱ्यातल्या दोन प्लॉटांवर पाणी असेल तर तिथेच थांबा, काठी बुडवून किती बोटं आहे ते दाखवा, आणि त्या दोन प्लॉटांचे क्रमांकही सांगा. आखाजीला उधन्याहून आलेलं कुटुंब प्लॉटवर उभं राहून तोच प्रश्न विचारेल, तेव्हा खिशातून मोबाइल काढायचा आणि आजीबाईंनाही दिसेल असा धरायचा.